रिकाम्या खोलीचं शून्य

१

सातिवलीच्या त्या गाळ्यात सकाळी कामाला सुरुवात व्हायची ती सगळ्यांना खोलीबाहेर हाकलून. ऐकणाऱ्याला वाटेल, हे कसलं काम? पण काम तसंच होतं. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचं गोडाऊन, आणि मधल्या गाळ्यात ही दहा-बारा माणसं रेडिओलहरींवर संशोधन करत बसलेली. ज्ञानदा त्यांच्यातली सगळ्यात काटेकोर. शून्य घ्यायचं तर तिनेच, असा तिथला रिवाजच पडून गेला होता.

शून्य म्हणजे रिकाम्या खोलीची नोंद. भाजीवाला कसा आधी रिकामं टोपलं काट्यावर ठेवतो, आकडा शून्यावर आणतो आणि मग त्यात वांगी टाकतो, तसंच हे. त्यांचं यंत्र दिसायला पाटाएवढं, भिंतीवर टांगायचं. आत सोळा अँटेना. त्या घरभर इंटरनेट पुरवायच्या आणि जाता जाता खोलीही चाचपून यायच्या. लहर भिंतीवर, कपाटावर, माणसाच्या छातीवर आपटून परत आली, की कोण कुठे आहे, श्वास कसा चाललाय, हे सगळं फोनवर दिसायचं. कॅमेरा नको, अंगाला वायर नको. पण खोलीतल्या कपाटा-टेबलांचाच गलका इतका मोठा, की आधी रिकाम्या खोलीची नोंद घ्यायची आणि पुढे कायम ती वजा करत राहायची. त्या नोंदीत काही हलताना सापडलं, तर यंत्र त्याला पंखा किंवा पडदा समजून तेही गाळून टाकायचं. मग उरायचं ते माणूस.

म्हणून शून्याच्या वेळी आत कुणी थांबायचं नाही. एकदा स्टीवन टेबलाखाली स्क्रू पिळत बसला होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यानंतर तो तिथे बसून होता तोवर पडद्यावर दिसेचना. वजा झाला होता बिचारा. दुपारी जेवायला उठला, तेव्हा त्याच्या रिकाम्या जागेवर माणसाएवढा डाग उमटला. नोंदीत तो होता, जागेवर नव्हता, म्हणून उरलेली ती पोकळी. यंत्रांची जोडणी बघणारा लेस्टर मग आठवडाभर त्या डागाला गुड मॉर्निंग करत होता. ज्ञानदाही हसली, पण तिने दाराला कडी बसवून घेतली.

२

ज्ञानदाच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला तो ऐन उन्हाळ्यात. शांताराम म्हणजे टेलिफोन खात्यातले लाइनमन. खांबावर चढूनसुद्धा खालच्या माणसाशी गप्पा मारणारा माणूस. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे तेवढे बोलायचे, तेही मनात आलं तर.

थोरला भाऊ संकेत पुण्याहून आला तो पनवेलकडचं एक शुश्रूषाकेंद्र बघूनच. तू दिवसभर कामावर, घरी कोण बघणार, उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण, अशी त्याची सरबत्ती. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. पण ज्ञानदाला परक्या खाटेवर पडलेले बाबा डोळ्यांसमोर आणवत नव्हते. आईला दोघा भावंडांनी आयसीयूच्या काचेतून जाताना पाहिलं होतं, ते पुन्हा नको होतं. ती इरेला पेटली. मी बनवते ते यंत्र घरी लावते, म्हणाली, क्षणाक्षणाला श्वास दिसेल, आणि त्यात जरा जरी बिघाड दिसला तरी बाबा पनवेलला. संकेतने ते मान्य केलं. बाबांचं घरात राहणं आता त्या पाटाएवढ्या यंत्रावर टांगलेलं होतं.

वसई गावात त्यांचं तळमजल्याचं घर. मागची खोली बाबांना दिली. तिची खिडकी केळीच्या वाडीत उघडायची आणि पलीकडे विहिरीचा पंप घरघरायचा. खोलीत लोखंडी कपाट, भिंतीला लागून नवा पलंग, खिडकीशी वेताची खुर्ची. बस, एवढंच सामान. बाबा घरी यायच्या आदल्या दुपारी तिने शून्य घेतलं. खिडकी लावली, पंखा बंद केला, दाराला बाहेरून कडी घातली आणि स्वयंपाकघरात चहा टाकला. घरात दुसरं कुणी नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर फोनवर खूण आली, तशी कडी काढली.

दिवसा बाबांजवळ सत्यवतीमावशी असायच्या. पाचूबंदरच्या, आधी एका सूतिकागृहात आया म्हणून वर्षं काढलेल्या, हाताने हलक्या आणि बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्राकडे बघून विचारलं, की हे माझ्यावर लक्ष ठेवायला तर नाही ना. ज्ञानदाने समजावलं, की हे बाबांसाठी आहे, तुम्ही निवांत राहा.

आणि खरंच सगळं निवांत चाललं. सुरुवातीला बाबांचा श्वास अडखळायचा. दोन आखूड, एक लांब, मध्येच एक आचका. महिना उलटता उलटता फोनवरची रेघ सुधारली. लांब, सारखी, शांत. दर रविवारी ती संकेतला ती रेघ पाठवायची. डॉक्टरही ती बघून खूश झाले. ज्ञानदाचा जीव भांड्यात पडला. सकाळी घाईत निघताना ती दारातूनच बाबांना हात करायची, फोनवर रेघ बघायची आणि स्कूटरला किक मारायची.

३

रेघ सुधारली त्याच आठवड्यातली गोष्ट. गाळ्यात डबा खाता खाता तिने फोन उघडला. पलंगावर बाबा. स्वयंपाकघरात मावशी. आणि खिडकीशी खुर्चीवर आणखी कुणीतरी.

तिने घरी फोन लावला. कोण आलंय, विचारलं. मावशी म्हणाल्या, कोणी नाय, मी पेज ढवळते हाय. खोलीत जाऊन बघा म्हटल्यावर चपला फरफटत गेल्या आणि म्हणाल्या, खुर्ची मोकळी हाय, बाबा झोपलेत. फोनमधून पंपाची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर खुर्चीतला डाग जागचा हलला नाही.

असे खोटे डाग पडतात. लहर कपाटावर आपटून वळली, की माणूस भलत्याच जागी दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे ज्ञानदानेच किती नव्या पोरांना शिकवलं होतं. संध्याकाळी तिने कपाटावर गोधडी टाकली. डाग तसाच. कपाट कोपऱ्यात सरकवलं. तसाच. खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत नेली, तरी खुर्चीच्या जागेवर, बसलेल्या माणसाच्या उंचीएवढा, तसाच. शेवटी तिने खुर्ची आणि कपाट पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने लेस्टरला दाखवलं. त्याने पाव चावत चावत बघितलं आणि उडवून लावलं. म्हणाला, तुझ्या शून्यात तिथे काहीतरी होतं, ते आता काढलंय. पिंप असेल, तांदळाची गोणी असेल. स्टीवनचं विसरलीस का?

तिने आठवून आठवून बघितलं. पिंप नाही, गोणी नाही. नुसती खुर्ची. आणि समजा काही होतं, तर त्या दुपारपासूनच डाग दिसायला हवा होता. महिनाभर खोली स्वच्छ दिसली आणि मग एकाएकी उमटला. हिशेब सरळ होता आणि तो तिला मुळीच आवडला नाही. जे काही होतं, ते इतके दिवस त्या खुर्चीत होतंच. उठलं होतं ते आत्ता.

"लेस्टर, तो डाग म्हणजे तिथे कोणी आलेलं नाहीये," ती म्हणाली. "तिथून कोणीतरी गेलंय."

लेस्टरने पाव खाली ठेवला. मग म्हणाला, की तू झोपत नाहीस नीट, घरी जाऊन झोप काढ.

४

झोप काढण्याऐवजी तिने शून्याची मूळ नोंद उघडली. अशी नोंद कुणी उघडून बघत नाही. रिकाम्या टोपल्यात काय बघायचं? बाहेर ऊन रणरणत होतं, शेजारी बादल्यांचं यंत्र धाडधाड आपटत होतं, गोडाऊनच्या दारात टेम्पो उलटा येत होता. भरदिवसा, इतक्या आवाजात, भीती वाटण्याचं काही कारण नव्हतं.

पलंगावर काही नाही. कपाट, भिंत, दार. आणि खुर्चीच्या जागी हालचाल. थोडी पुढे, थोडी मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. यंत्राने ती पंखा म्हणून गाळून टाकली होती.

पंखा तर बंद होता. पडदा? खिडकी लावलेली. पंप? पंपाची थरथर बारीक आणि भराभर असते, ही संथ होती. आपणच तर नाही, भिंतीपलीकडे चहा पीत उभ्या? पण स्वयंपाकघर खोलीच्या दुसऱ्या अंगाला. एकेक कारण तिने हातात घेतलं आणि एकेक खाली ठेवलं. लेस्टर मागे येऊन उभा राहिला होता, हे तिला उशिरा कळलं. त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी गेली होती.

"श्वास आहे," तो हळूच म्हणाला. "कोणीतरी निवांत बसलंय."

नोंद संपत आली. अगदी शेवटी दाराजवळ एक लहानशी हालचाल. खूण आल्यावरही नोंद काही क्षण चालू राहायची, त्यात ती स्वतः कडी काढत होती. त्याच क्षणी खुर्चीवरची लाट थांबली. बसलेल्या माणसाने चाहूल लागून दम रोखावा, तशी थांबली. नोंद तिथेच संपत होती. दार उघडून ती आत गेली होती, खिडकीपर्यंत चालत गेली होती, आणि खुर्चीच्या पाठीला धरून तिने खिडकी उघडली होती. हे आठवलं आणि ज्ञानदाने तो हात कपड्याला घासून पुसला.

चोर असेल, लेस्टर म्हणाला. पण त्यालाच ते पटलं नाही. चोर महिनाभर खुर्चीत बसत नाही, आणि मावशी त्या खुर्चीवर रोज टॉवेल वाळत घालतात.

एक प्रश्न दोघांनीही तोंडाबाहेर काढला नाही. स्टीवन टेबलाखालून उठला, तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी दिसायला लागला होता. शून्याच्या जागेवरून जो उठतो, तो जिथे जाईल तिथे दिसतो. मग हे जे उठलं ते कुठे दिसत होतं? खोलीत तर एकच माणूस दिसत होतं. पलंगावरचं.

५

ती त्या दिवशी दुपारीच घरी आली. मावशी दचकल्या. काही नाही, सहजच आले म्हणून ज्ञानदाने वेळ मारून नेली आणि बाबा कसे आहेत ते विचारलं.

मावशींनी आधी पदर खोचला, भांडी उगाच इकडची तिकडे केली. मग बोलल्या. बाबा जेवत नाहीत, चार चमचे पेज पोटात गेली तर गेली. पलंगाच्या मध्यावर निजवलं तर घटकाभराने कडेला आलेले असतात. हलता येत नाही त्या माणसाला, मग सरकतो कसा, ते देव जाणे. पडतील म्हणून मी उशी लावते.

"आनि छाती," मावशी म्हणाल्या. "छाती हालतच नाय नीट. मी जवळ कान नेऊन बघते तवा लागतो श्वास."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमचं मशीन सांगते ना सगलं बरं हाय म्हनून? तुम्ही शिकलेली मानसं. डाक्टर पन तेच बोलला. मी म्हटलं, माझेच डोले गेले."

मावशींना काय बोलणार? ज्ञानदासुद्धा रोज दारातूनच हात करत होती. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

ती बाबांजवळ जाऊन बसली. ते कडेला होते, इतके कडेला की खांदा पलंगाबाहेर. भिंतीकडची अर्धी गादी मोकळी. चादर तिथे साफ, सुरकुतीसुद्धा नाही. तिने बाबांच्या छातीवर तळहात ठेवला. बरगड्या हाताला लागल्या. श्वास होता. आखूड, आखूड, मग आचका, मग पुन्हा आखूड. तोच जुना, अडखळता, बाबांचा श्वास, फक्त फार बारीक झालेला.

दुसऱ्या हातात फोन होता. फोनवरची रेघ लांब, सारखी, शांत चालली होती.

एकदा हाताकडे, एकदा फोनकडे, असं तिने किती वेळ पाहिलं कोण जाणे. तळहाताखाली आचका यायचा आणि रेघेला त्याचा पत्ता नसायचा. तिने संकेतला जी सुधारलेली रेघ पाठवली, जिच्यावर डॉक्टर खूश झाले, जिच्या भरवशावर ती बिनघोर कामाला गेली, ती बाबांची नव्हतीच. बाबांनी डोळे उघडले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. भिंतीकडेही बघत नव्हते. शेजारी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून आपण कसे डोळे जपून हलवतो, तसे त्यांनी ते तिच्याकडे वळवले आणि पुन्हा मिटून घेतले.

६

त्याच वेळी बाबांना उचलून न्यायला हवं होतं, असं आपण म्हणू. तिच्याही मनात आलं. पण नेऊन सांगायचं काय? संकेतला काय सांगणार, की पलंगात कुणीतरी आहे? तो बाबांना पनवेलला नेईल आणि बहिणीला डॉक्टरकडे. शिकल्यासवरल्या माणसाची हीच तर गोची असते, आधी खातरजमा लागते. तिने लेस्टरला फोन केला आणि चौसष्ट अँटेनांचं नवं यंत्र घेऊन यायला सांगितलं.

यात मेख अशी, की अँटेना म्हणजे यंत्राचे कान. कान जितके जास्त, तितका बारीक भेद कळतो. सोळा कानांना खेटून बसलेली दोन माणसं एकच वाटतात, आणि ज्याचा श्वास मोठा त्याचाच ते ऐकतात. चौसष्टांना दोन वेगळी कळतात. शिवाय फक्त हलणारं बघायचं तर शून्यही लागत नाही.

लेस्टर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. येताना तो शर्टाच्या आत गळ्यातला क्रूस चाचपत होता, पण ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मावशींना ज्ञानदाने लवकर घरी धाडलं. नवं यंत्र पलंगाच्या पायथ्याशी उभं केलं आणि लॅपटॉप घेऊन दोघं दारात बसली. खोलीत बसायची हिंमत दोघांनाही झाली नाही. वाडीत कुणी केळीची पानं तोडत होतं, त्याचा सपसप आवाज येत होता. गल्लीत मासेवाली वाम घ्या, बोंबील घ्या म्हणत गेली. लेस्टरने पाहिलं, तर पडद्यावर पलंगाच्या जागी एक लांबट ठिपका होता. मग गणित पुरं होत गेलं, ठिपका मध्यावर आवळला आणि हळूहळू त्याचे दोन झाले.

एक कडेला. लहान, फिका. त्याची रेघ अडखळती.

दुसरा भिंतीच्या बाजूला. लांब. गादीच्या उशापासून पायथ्यापर्यंत लांब, आणि डोक्याकडे बाबांच्या तोंडापाशी वळलेला. त्याची रेघ ती, फोनवर रोज पाहिलेली.

लेस्टरने दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. बाबांचा श्वास बाहेर पडला, की त्याच वेळी दुसरा आत घेत होता. दर वेळी. एकदाही चुकत नव्हता. बाबांचा आचका आला, तर तोही थांबायचा, वाट बघायचा, आणि तो बारीक उच्छ्वास बाहेर पडला, की लांबलचक ओढून घ्यायचा.

"येशू," लेस्टर एवढंच म्हणाला.

ज्ञानदाने लॅपटॉपवरून नजर उचलून खोलीत पाहिलं. खिडकीतून पिवळं ऊन पलंगावर पडलं होतं. चादर साफ होती. तिथे काही नव्हतं. फक्त बाबांचा उजवा हात, तो लुळा हात, भिंतीच्या बाजूला पडला होता, आणि त्याचा पंजा गादीपासून जरासा वर, अधांतरी होता. त्याला कुणीतरी खालून हातात हात द्यावा, तसा. ती बघत असतानाच तो पंजा अलगद गादीवर ठेवला गेला.

७

पुढचं सगळं धावपळीत झालं. ती आत घुसली, तिने बाबांना काखेत धरलं, लेस्टरने पाय धरले. बाबा अंगाने काही उरलेच नव्हते, धुतलेलं धोतर उचलावं तसे उचलले गेले. दाराला कडी घातली. बाहेर लेस्टरची जुनी गाडी होती. बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं ज्ञानदाच्या मांडीवर. कुठे जायचं, लेस्टरने विचारलं. हॉस्पिटल, ती म्हणाली, आणि मग पनवेल, पुणे, कुठेही, पण या घरात नाही. ज्या हट्टापायी तिने भावाशी दावा मांडला, तो तिने एका वाक्यात सोडून दिला. आता तिला फक्त बाबा जिवंत हवे होते. परक्या खाटेवर तर परक्या खाटेवर.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. केळीचे घड लावलेल्या हातगाड्या, शाळा सुटलेली पोरं, सायकलवरचा पाववाला. सगळं नेहमीचं. ज्ञानदाच्या तळहाताखाली बाबांचा श्वास चालू होता, आखूड, आचक्याचा, पण चालू. तिला रडू आलं. बाबा, मी आहे, ती म्हणत राहिली, मी हात काढणार नाही आता.

मग तिने फोन काढला. भिंतीवरचं सोळा अँटेनांचं यंत्र खोलीत चालूच होतं. पलंग मोकळा. लांब रेघ नाही, काही नाही. श्वास कुठेच लागत नाही, खोलीत कुणी माणूस नाही, असं खाली अक्षरात लिहून आलं.

पण तिला पाहायचा होता तो खुर्चीचा डाग. कालपासून त्या डागाने तिची पाचावर धारण बसली होती, आणि आता तिला त्याच्याकडूनच एक गोष्ट हवी होती. ते जे काही होतं ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसलं, तर खोली शून्याच्या वेळी होती तशीच्या तशी होईल. वजाबाकी पुरी होईल. डाग पुसला जाईल. बस तिथे, ती मनातल्या मनात विनवत होती, तुझ्या खुर्चीत जाऊन बस, खोली तुझी, घर तुझं, आम्ही परत येत नाही.

डाग तसाच होता. खोलीत कुणी नव्हतं, आणि खुर्चीतही कुणी परतलं नव्हतं.

"काय दाखवतंय?" लेस्टरने पुढून विचारलं.

"खोली रिकामी आहे."

"चला, सुटलो बाबा," तो म्हणाला, आणि त्याने काच खाली केली.

तिने त्याला डागाचं सांगितलं नाही. गाडी चालवणाऱ्याला काय सांगायचं? तिने मागच्या सीटवर, पायाखाली, काचेला लागून, सगळीकडे बघून घेतलं. तिघांपुरतीच तर जागा होती. मग तिच्या लक्षात आलं, की तळहाताखाली आचका यायचा राहिला. ती वाट बघत राहिली. आचका आला नाही. छाती वर आली, सावकाश, पुरी भरून, आणि तशीच सावकाश खाली गेली. पुन्हा वर. लांब, सारखी, शांत.

"ऐक, अंकलचा श्वास कसा छान लागलाय," लेस्टर आरशात बघत म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "इथपर्यंत ऐकू येतोय. बाहेरची हवा लागली ना."

ज्ञानदाने हात काढला नाही. दोन्ही तळहात तिने बाबांच्या छातीवर दाबून धरले, वाकून कान लावला, आणि त्या लांब श्वासाच्या खाली कुठे बाबांची ती बारीक अडखळ लागते का, ते शोधत राहिली. गाडी हॉस्पिटलच्या फाटकात शिरली, तरी ती शोधतच होती.